ओटावा ते मॉंक्टन : फ्रेंच कुठे पाटीवर, कुठे कानावर

कॅनडातली फ्रेंच नकाशावर पाहिली की एकच मोठा रंग दिसतो. शहरांत पायी फिरलं की तो रंग फुटतो. कुठे पाट्या फ्रेंच आणि बोलणं इंग्रजी, कुठे पाट्या इंग्रजी आणि बोलणं फ्रेंच, तर कुठे एकाच बसथांब्यावर दोन्ही. हा फरक ऐकायचा असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं : ओटावा, गातिनो, मॉन्ट्रियल, क्वेबेक शहर, मॉंक्टन. आठ दिवस पुरतात.

आखणी मात्र शेवटच्या गाडीपासून उलटी करावी लागते. मॉन्ट्रियलहून हॅलिफॅक्सला जाणारी व्हिया रेलची 'ओशन' ही गाडी आठवड्यातून तीनदाच सुटते : बुधवार, शुक्रवार, रविवार. बुधवारची धरली तर मॉंक्टनला गुरुवार-शुक्रवार मिळतात. तेव्हा विद्यापीठ उघडं असतं आणि शहर बसही नेहमीसारख्या चालतात. म्हणजे सुरुवात शुक्रवारी. भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा लागतो. त्याची फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे-फोटो यांचे ८५. ठसे द्यायला वेगळी वेळ घ्यावी लागते, तेव्हा तिकिटं त्यानंतरच काढावीत. ऋतू विचाराल तर सप्टेंबर.

दिवस पहिला, शुक्रवार : ओटावा

संसदेचं कामकाज चालू असेल तर शुक्रवारी प्रश्नोत्तराचा तास सव्वाअकराला असतो (इतर दिवशी सव्वादोनला). मधल्या जुन्या इमारतीचं नूतनीकरण चालू आहे, त्यामुळे कनिष्ठ सभागृह पश्चिमेच्या इमारतीत भरतं. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेसाठी तासभर आधी पोहोचा. प्रेक्षक कक्षात कानाला लावायचं यंत्र असतं. मंत्री वाक्याच्या मध्यात इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जातो आणि अर्ध्या सेकंदात दुभाष्याचा आवाज बदलतो. ही सोय १९५९ पासून आहे. त्याआधी फ्रेंच खासदाराला समजून घ्यायचं असेल तर त्याचं इंग्रजी येणं गृहीत धरलेलं होतं.

सरकारी खिडकीवर 'हॅलो, बोंझूर' असं जोडस्वागत ऐकू येतं. ते नुसतं सौजन्य नाही. राजभाषा कायद्यातून आलेली ही रीत आहे. तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल, त्या भाषेत पुढचं काम. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत 'हॅलो' आधी येतं. नदीपलीकडे, क्वेबेक प्रांतात, तेच उलटून 'बोंझूर, हॅलो' होतं. केंद्र सरकारच्या पाट्यांवरही क्रम असाच पालटतो, त्यामुळे कुठल्या प्रांतात आहोत हे पाटीची डावी बाजू बघून कळतं.

रस्त्यांच्या पाट्यांवर नावाच्या आधी 'र्‍यू' आणि नंतर 'स्ट्रीट' असतं. कान मात्र दिवसभर इंग्रजीच ऐकतात. फ्रेंच ऐकायची तर बायवर्ड बाजाराच्या बाजूची लोअरटाऊन वस्ती आणि पूर्वेला व्हॅनिए. लोअरटाऊनमध्ये मरी स्ट्रीटवर एकोल गिग ही शाळेची जुनी इमारत उभी आहे. आता तिथे घरं झाली आहेत. ओंटारिओ सरकारने १९१२ साली 'नियम १७' काढून फ्रेंचमधलं शिक्षण पहिल्या दोन इयत्तांपुरतं मर्यादित केलं. दोन देलोज भगिनी इथे फ्रेंचमधूनच शिकवत राहिल्या, आणि जानेवारी १९१६ मध्ये पोलिसांना अडवायला मुलांच्या आया टोपीच्या लांब पिना, कात्र्या आणि विणकामाच्या सुया घेऊन दारात उभ्या राहिल्या. १९२७ पर्यंत तो नियम निष्प्रभ झाला. ओंटारिओने माफी मागितली २०१६ साली. व्हॅनिएच्या पुढे मोंफोर रुग्णालय आहे. १९९७ मध्ये ते बंद करण्याचा घाट घातला गेला आणि फ्रेंच भाषकांनी न्यायालयात जाऊन तो हाणून पाडला. दोन्ही ठिकाणी पाहण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. पण ओटावातली फ्रेंच का टिकली हे संसदेपेक्षा इथे जास्त नीट कळतं.

दिवस दुसरा, शनिवार : पूल आणि गातिनो

राष्ट्रीय कलादालनाच्या मागून अलेक्झांड्रा पूल निघतो. पोलादी आहे, १९०१ च्या सुमाराचा, बाजूला लाकडी फळ्यांची पायवाट. दुरुस्तीसाठी तो अधूनमधून बंद असतो. तसं असेल तर पश्चिमेच्या पोर्ताज पुलाने जा. चालायला पाऊण किलोमीटरही नाही.

पूल उतरलात की चौकातली लाल अष्टकोनी पाटी 'आरे' म्हणते. फ्रान्समध्ये त्याच पाटीवर 'स्टॉप' लिहिलेलं असतं. क्वेबेक हा फ्रान्सपेक्षा कडक आहे याची ही पहिली खूण. समोर डग्लस कार्डिनल यांनी रचलेलं, १९८९ मध्ये उघडलेलं कॅनडाचं इतिहास संग्रहालय आहे. त्याला किमान तीन तास द्या. इमारतीच्या वळणांतच अर्धा तास जातो.

बिलाकडे लक्ष असू द्या. किमतीत कर धरलेला नसतो. सकाळी ओटावात १३ टक्के लागलेला कर दुपारी गातिनोत १४.९७५ टक्के होतो आणि बिलावर 'टे-पे-एस' (५ टक्के) व 'टे-वे-क्यू' (९.९७५ टक्के) अशा दोन ओळींत येतो. मॉंक्टनला तो १५ टक्के असेल. किंमत लिहिण्याची पद्धतही पलटते. दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम, आणि डॉलरची खूण आकड्याच्या मागे. वेळ चोवीस तासांची, मध्ये 'एच' अक्षर. हे लक्षात नसेल तर ४,९९ चा आकडा पाचशेच्या घरातला वाटून माणूस दचकतो.

दोन्ही काठांच्या बससेवा वेगळ्या आहेत आणि कार्डंही वेगळी. एका दिवसासाठी दुसरं कार्ड घेऊ नका, चालत परत या.

दिवस तिसरा, रविवार : मॉन्ट्रियल, सें-लोराँ रस्ता

ओटावाचं रेल्वे स्थानक शहराच्या मध्यभागापासून लांब आहे. ओ-ट्रेनच्या पहिल्या मार्गावर 'ट्रेम्ब्ले'ला उतरायचं. मॉन्ट्रियलला साधारण दोन तास. व्हियाच्या गाड्या बहुतांश इतरांच्या, मुख्यतः सीएन या मालवाहतूक कंपनीच्या रुळांवर चालतात आणि मालगाडीला वाट दिली की उशीर होतो. पुढचं काही ठरलेलं असेल तर मध्ये निदान दोन तास मोकळे ठेवा.

मॉन्ट्रियल मेट्रोतल्या घोषणा फक्त फ्रेंचमध्ये होतात, आणि पाट्यांवर दिशा उत्तर-दक्षिण अशी नसते, शेवटच्या स्थानकाच्या नावाने असते. हिरव्या मार्गाची टोकं आंग्रिन्यों आणि होनोरे-बोग्राँ, नारिंगीची कोत-व्हर्त्यू आणि मोंमोरांसी. ही चार नावं पाठ केली की निम्मी वणवण वाचते. १९६६ साली सुरू झालेली ही मेट्रो रबरी टायरांवर धावते, म्हणून ती पूर्ण जमिनीखाली आहे. उघड्यावर बर्फात ते टायर घसरतील.

शहरातल्या दिशा होकायंत्राशी जुळत नाहीत. इथले लोक ज्याला उत्तर म्हणतात ती खरं तर वायव्य. फोनवरचा नकाशा आणि रस्त्यावरच्या माणसाचं सांगणं यांत फरक पडला तर माणसाचं ऐका. पत्त्यात 'ई' अक्षर म्हणजे पूर्व, आणि 'ओ' म्हणजे पश्चिम. दोन्हीकडचे घरक्रमांक सें-लोराँ रस्त्यापासून सुरू होतात, म्हणजे सेंत-कात्रीन रस्त्यावर एकाच क्रमांकाच्या दोन इमारती असू शकतात, एकमेकींपासून कित्येक किलोमीटर लांब. टॅक्सीत पत्ता सांगताना शेवटचं अक्षर विसरायचं नाही.

याच रस्त्याने शहराची भाषिक वाटणी झाली असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं : पश्चिमेला इंग्रजी, पूर्वेला फ्रेंच, आणि मधल्या पट्ट्यात बाहेरून आलेले ज्यू, चिनी, इटालियन, पोर्तुगीज. ते आता तितकंसं खरं नाही, पण खोटंही नाही. तपासायचं असेल तर गी-कॉन्कॉर्डिया स्थानकापासून सेंत-कात्रीन रस्त्याने पूर्वेला बोद्री स्थानकापर्यंत चाला. साधारण तीन किलोमीटर. पहिल्या भागात इंग्रजी आणि आशियाई भाषा. मॅकगिल (१८२१) ओलांडून क्वेबेक विद्यापीठाच्या (१९६९) आसपास आलात की फ्रेंचचा भार स्पष्ट वाढतो. पाट्या मात्र सगळीकडे सारख्याच फ्रेंच.

त्याला कारण २६ ऑगस्ट १९७७ चा फ्रेंच भाषेचा सनद-कायदा, बोली भाषेत 'कायदा १०१'. व्यवसाय, पाट्या, करार, शाळा या सगळ्यांत फ्रेंच पहिली. २०२२ च्या सुधारणेनुसार १ जून २०२५ पासून दुकानाच्या दर्शनी भागावर इतर भाषेतलं व्यापारी नाव असेल तर फ्रेंच मजकुराला त्याच्या दुप्पट जागा द्यावी लागते. साखळी दुकानांची नावंही बदललेली सापडतील. केएफसी इथे 'पीएफके' आहे, शॉपर्स ड्रग मार्ट 'फार्माप्री', स्टेपल्स 'ब्युरो आँ ग्रो'. औषधाचं दुकान शोधताना ओंटारिओतलं नाव टाकलं तर काहीच सापडत नाही, ते यामुळे.

काउंटरवर 'बोंझूर-हाय' ऐकू येतं. दुकानदारांनी नुसतं 'बोंझूर' म्हणावं असा ठराव प्रांतिक विधिमंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एकमताने केला. दुकानदार आपले तसेच म्हणत राहिले. उत्तर 'बोंझूर' दिलंत तर पुढचं सगळं फ्रेंचमध्ये येईल, 'हाय' दिलंत तर इंग्रजीत. फ्रेंच जेमतेम येत असली तरी सुरुवात फ्रेंचमध्येच करावी असं आमचं मत. अडलात की समोरचा स्वतः इंग्रजीवर येतो. उलट क्रमाने मात्र चेहरे किंचित आवळतात.

रविवारी साधी दुकानं पाचला बंद होतात. किराणा आणि औषधं मिळतात. सें-लोराँवरून ५५ क्रमांकाची बस फक्त वरच्या दिशेने जाते, कारण रस्ता एकेरी आहे. परतीची बस शेजारच्या सें-उर्बेंवरून. गाडी भाड्याने घेतली असेल तर एका खांबावर चार-चार पाट्या वाचाव्या लागतात. वरून खाली, सगळ्या लागू. 'मार' म्हणजे मंगळवार, मार्च नव्हे. ती रस्ते झाडण्याची वेळ असते आणि त्या तासाला उभ्या गाडीला हमखास दंड. लाल दिव्यावर उजवीकडे वळण्याची मुभा उरलेल्या प्रांतात आहे, मॉन्ट्रियल बेटावर नाही.

दिवस चौथा, सोमवार : निळा मार्ग

मेट्रोच्या निळ्या मार्गावर पार्क ते सें-मिशेल ही जेमतेम पाच थांब्यांची पट्टी आहे. जगभरची फ्रेंच ऐकायला यापेक्षा स्वस्त जागा नाही.

पार्क स्थानकातून बाहेर पडलं की पार्क-एक्स्टेन्शन. पंजाबी, बंगाली, तमीळ, उर्दू. किराणा दुकानात कढीपत्ता, बाहेर लस्सी. शाकाहारी जेवण पुढच्या चार दिवसांत इतकं सहज मिळणार नाही, तेव्हा दुपारचं इथेच उरका. इथली आजी घरची भाषा बोलते, बाप इंग्रजी, आणि नातवंडं आपसांत फ्रेंच. हे आपोआप घडलेलं नाही. पूर्वी स्थलांतरितांची बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जायची. १९६८-६९ मध्ये जवळच्या सें-लेओनार भागात इटालियन कुटुंबांच्या शाळांवरून मोठा संघर्ष पेटला. १९७७ च्या कायद्याने प्रश्न मिटवला : आई किंवा वडील क्वेबेकमध्ये (नंतर कॅनडात कुठेही) इंग्रजीतून शिकलेले नसतील तर मुलाची सरकारी शाळा फ्रेंच. त्यामुळे इथली तिशीतली माणसं तीन भाषांत सहज खेळतात.

दोन थांबे पुढे झाँ-तालों. १९३३ पासूनचा बाजार आहे. चीझचे ताजे दाणे घ्या. दातांखाली कुरकुरले तर ताजे समजावेत, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवले की ती कुरकुर जाते. शेवटच्या सें-मिशेल स्थानकापासून पी-नफ रस्त्यापर्यंत 'छोटं मगरेब'. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियाची कॅफे, पुदिन्याचा चहा, आणि अरबी मिसळलेली घशातली फ्रेंच. त्याच परिसरात हैतीच्या लोकांची क्रेओल. एकाच चौकात तीन खंडांची फ्रेंच कानावर पडते, आणि त्यातली एकही पॅरिसची नसते.

पुण्या-मुंबईच्या अलियाँसमध्ये फ्रेंच शिकलेल्यांची खरी परीक्षा स्थानिक उच्चारात होते. क्वेबेकी माणूस 'इ' आणि ओठ गोल करून म्हणायचा फ्रेंच 'उ' यांच्या आधीचा त हा 'चूल'मधल्या च सारखा म्हणतो आणि द हा 'जाड'मधल्या ज सारखा. 'मार्दी'चं 'मार्द्झी' होतं, 'त्यू'चं 'त्स्यू'. मराठी जिभेला हे दोन्ही वर्ण उपजत आहेत, त्यामुळे दोन दिवसांत कान लागतो.

दिवस पाचवा, मंगळवार : क्वेबेक शहर

गाडीला सव्वातीन-साडेतीन तास. शेवटच्या स्थानकाआधी सेंत-फ्वा येतं, तिथे उतरू नका. ते जुन्या शहरापासून बरंच लांब आहे. उतरायचं 'गार द्यु पाले'ला. हे स्थानक खालच्या शहरात आणि बरीचशी हॉटेलं वरच्या. मधला चढ दगडी फरसाचा, चाकाच्या बॅगेचं चाक तिथेच निखळतं. बस किंवा टॅक्सी घ्या.

इथे पाटी आणि कान यांचं एकमत आहे. तटबंदीच्या आत पर्यटकांमुळे इंग्रजी चालते. सें-झाँ दरवाजातून बाहेर पडून त्याच रस्त्याने दहा मिनिटं चाललात की बेकरीवाली इंग्रजीसाठी सहकाऱ्याला हाक मारते. 'प्लु लाँतमाँ, सिल व्हू प्ले' (जरा सावकाश) हे वाक्य तयार ठेवा. जेवणाच्या वेळांची नावं फ्रान्सहून एक पायरी सरकलेली आहेत. 'देझ्यने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' दुपारचं, 'सुपे' रात्रीचं. रात्री आठला 'दिने'चं आरक्षण मागितलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळेल.

शाकाहारींनी सावध राहावं. पुतीन म्हणजे चीझचे दाणे आणि रस्सा घातलेले तळलेले बटाटे. त्यावरचा तपकिरी रस्सा सहसा कोंबडी किंवा गाईच्या मांसाच्या अर्काचा असतो. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस, भाजलेल्या बीन्समध्ये चरबी. 'व्हेजे' रस्सा वेगळा मागावा लागतो, आणि सगळीकडे मिळत नाही. साखरेचा पाय (साखरेचं सारण भरलेला भाजलेला गोड पदार्थ, 'शुगर पाय') पारीत चरबी नाही ना हे विचारून खा, नुसत्या गोडाची तयारी असेल तर.

दिवस सहावा, बुधवार : तट, मैदान, रात्रीची गाडी

सकाळी अब्राहमच्या मैदानावर. १३ सप्टेंबर १७५९ ला इथे इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. लढाई तासाभरातच निकाली लागली आणि वुल्फ व मोंकाल्म हे दोन्ही सेनापती त्यात गेले. १७६३ च्या तहात वसाहत ब्रिटिशांकडे गेली. मग भाषा का मेली नाही? १७७४ च्या क्वेबेक कायद्यात ब्रिटिशांनीच फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक धर्म चालू ठेवला. दक्षिणेकडच्या अमेरिकन वसाहती धुमसत असताना त्यांना इथे शांतता हवी होती. उदारपणापेक्षा गरज मोठी.

दुपारी मॉरिन सेंटर बघा. जुन्या तुरुंगाच्या इमारतीत इंग्रजी ग्रंथालय आहे. ते चालवणारी साहित्य-इतिहास संस्था १८२४ ची. या शहरात अल्पसंख्य इंग्रजी आहे, हे तिथल्या कपाटांसमोर उभं राहिलं की पटतं. हाताशी तास असेल तर लेव्हीची फेरी घ्या. बारा मिनिटांत पलीकडे, आणि शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या हॉटेलचं सगळ्यात चांगलं दर्शन तिच्यावरूनच होतं.

'ओशन' जुन्या शहरात येत नाही. ती सेंत-फ्वाहून रात्री उशिरा सुटते. टॅक्सी आधी ठरवा आणि खायला बरोबर घ्या.

दिवस सातवा, गुरुवार : गाडीतून मॉंक्टन

१९०४ पासून चालणारी ही गाडी माटापेडियाच्या खोऱ्यातून उजाडताना जाते. बैठ्या डब्यातही खिडकी मिळते. न्यू ब्रन्सविकमध्ये शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं नाही. मॉंक्टन दुपारी येतं. उशीर नेहमीचाच, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

संध्याकाळी बोर पार्कला जा. फंडीच्या उपसागराची भरती पेतिकोदियाक नदीत उलटी शिरते आणि तपकिरी पाण्याची एक लाट प्रवाहाविरुद्ध चढत जाते. त्या दिवसाच्या वेळा तिथल्या फलकावर असतात. रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. वीस मिनिटं आधी उभं राहा. १९६८ च्या बांधामुळे लाट जवळजवळ मेली होती, २०१० मध्ये दरवाजे उघडल्यावर तिने पुन्हा अंग धरलं.

दिवस आठवा, शुक्रवार : मॉंक्टन आणि दिएप

न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषी प्रांत, आणि मॉंक्टनने २००२ मध्ये स्वतःला द्विभाषी जाहीर केलं. मेन स्ट्रीटवर बऱ्याच पाट्या अजून इंग्रजीत दिसतात, पण कान देऊन उभं राहिलं की निराळंच ऐकू येतं. शिआक. व्याकरण आणि क्रियापदाचे प्रत्यय फ्रेंच, शब्द हवे तेव्हा इंग्रजी. 'झे पार्के मों कार', 'वरी पा'. क्वेबेकमध्ये कानाला सवय झालेला त्स-द्झ इथे गायब होतो, कारण हे लोक वेगळे. अकादी, म्हणजे या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जुन्या फ्रेंच वसाहतकारांचे वंशज.

१७५५ च्या जूनमध्ये रॉबर्ट मॉंक्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बोसेझूर किल्ला घेतला. त्यानंतरच्या आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक अकादींना घरांतून उचलून जहाजांवर चढवलं गेलं. शहराला त्याचंच नाव आहे. त्याहून विचित्र म्हणजे अकादींनी १९६३ मध्ये उभारलेल्या फ्रेंच विद्यापीठालाही तेच. ते बदलावं अशी मागणी २०२३ मध्ये जोरात झाली. विद्यापीठाच्या आवारातलं अकादी संग्रहालय लहान आहे, दीड तासात होतं, पण चुकवू नका. १९६० च्या दशकाच्या अखेरीस महापौर लेनर्ड जोन्स यांनी नगरपालिकेत फ्रेंचला विरोध केला, तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या दारात डुकराचं डोकं नेऊन ठेवलं होतं. १९६९ साली प्रांतप्रमुख (प्रीमियर) लुई रोबिशो यांनी प्रांताचा राजभाषा कायदा आणला. ते या पदावर निवडून आलेले पहिले अकादी.

शहरात दोन मोठी रुग्णालयं आहेत. द्युमों फ्रेंचमध्ये चालतं, मॉंक्टन हॉस्पिटल इंग्रजीत. उपचार दोन्ही भाषांत मिळतात, फरक आतल्या कारभाराचा. शाळांचंही तसंच : एका प्रांतात दोन समांतर व्यवस्था. क्वेबेकने एका भाषेला पुढे केलं, इथे दोन्हींना वेगवेगळी छपरं दिली. आम्हाला दुसरी पद्धत खर्चिक वाटते, पण अल्पसंख्यांच्या हातात स्वतःचं रुग्णालय असणं किती मोलाचं, हे पहिल्या दिवशी मोंफोरपाशी पाहिलेलं असतं.

दुपारी कोडियाक ट्रान्स्पोच्या बसने दिएपला जा. शँप्लेन प्लेस हा मॉल दिएपच्या हद्दीत आहे, मॉंक्टनला अगदी चिकटून. सीमा रस्त्यावर दिसत नाही, पण वस्ती बहुसंख्य फ्रेंच होते, आणि २०१० च्या नगर-नियमाने दुकानाबाहेरची नवी पाटी दोन्ही भाषांत हवी. याच दिएपमध्ये विमानतळ आहे, कॅनडाचे पहिले अकादी गव्हर्नर जनरल रोमेओ लब्लाँ यांच्या नावाचा. टोरांटो आणि मॉन्ट्रियलची विमानं इथून मिळतात. रात्रीच्या जोडविमानाने भारताकडे निघायचं असेल तर शनिवारी सकाळचंच पकडा. धुकं आणि हिमवादळ यांनी इथलं वेळापत्रक कोलमडतं आणि पुढचं विमान सहसा दुसऱ्या दिवशीचं असतं.